पाणी कुठे जातं?



आपल्या चर्चची जीप जुन्या गोव्याला जाऊन सुखरूप परत आली, त्याला आता बरेच महिने झाले. तरी रविवारी मिस्सानंतर अंगणात कुणी ना कुणी विचारतंच, "ती तापायची कशी काय थांबली हो?" उभ्या उभ्या सांगून संपेल असं ते उत्तर नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे आणि बेळगाव-खानापूर भागात घाट कुणाला चुकला आहे? म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

जीप म्हणजे महिंद्राची कमांडर. चार सिलिंडरचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, मागे समोरासमोर दोन लांब बाकं, वर कॅनव्हासचा हूड. वय पंचवीसच्या पुढे. दर रविवारी आठच्या मिस्साला तीन वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना आणणं आणि परत सोडणं, पहिल्या शुक्रवारी फादरांना घेऊन आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवणं आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तेही, एवढी तिची कामं. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला आणि पुढे नोकरीची सगळी वर्षं उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या मेंटेनन्समध्ये काढली. निवृत्त झाल्यावर फादरांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हा जीप तापत होतीच.

२०२४ च्या पावसाळ्यात पॅरिश कौन्सिलमध्ये विषय निघाला, की जीप भंगारात द्यावी. मांडणारे काही चुकीचं बोलत नव्हते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्याआधी फिटनेस, विमा, टायर, आणि वर हे तापणं. गावातल्या गावात ठीक आहे, पण कुठे लांब न्यायची सोय नाही. खजिनदारांनी भंगारवाल्याचा आकडासुद्धा विचारून आणला होता.

पण त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं. ते दहा वर्षांतून एकदा असतं. तरुण मंडळी बसने जाणार होती, पहाटे निघून रात्री परत. म्हाताऱ्यांना ते झेपणारं नव्हतं. त्यांना दर तासाभराने थांबावं लागतं, औषधाच्या वेळा असतात, रांगेत मध्येच बसावं लागतं. आमच्या रविवारच्या जीपमधल्या सात जणांना जायचं होतं आणि त्यातले चार जण ऐंशीच्या पुढचे. एक आजी बैठकीनंतर मला एवढंच म्हणाली, "पुढचं दर्शन चौतीस साली न्हवं? मग ह्याच खेपेला काय ते बघायचं." कौन्सिलने मला नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत मुदत दिली. काटा जागेवर राहिला तर जीप गोव्याला, नाहीतर भंगारात.

जुनी गाडी तापते म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कधी तापते? याच्या उत्तरात अर्धं निदान असतं. उभी असताना, सिग्नलला किंवा बाजाराच्या गर्दीत तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर वारा कमी पडतोय. पंखा बघा, बेल्ट बघा. उलट गर्दीत बरी आणि चढावर किंवा लांबच्या वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत. आणि काटा बराच वेळ शांत राहून एकदम उडी मारत असेल, तर पाणी कमी झालंय किंवा आत हवा अडकली आहे. आमच्या जीपची गंमत म्हणजे ती तिन्ही प्रकारांनी तापायची. म्हणजे दुखणं एक नव्हतं.

घाटाचा हिशेब वेगळा सांगायला हवा. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन जोरात काम करत असतं, उष्णता भरपूर, पण गाडीचा वेग वीस-पंचवीसचा. समोरून येणारा वारा नावालाच. सगळा भार पंखा, पंप आणि रेडिएटर यांच्यावर. त्यामुळे सपाटीवर महिनोन् महिने लपून राहिलेलं दुखणं घाट दहा मिनिटांत बाहेर काढतो. बेळगावातून चोर्ल्याला जाताना उतार लागतो म्हणून माणसं खूश असतात. परतताना केरीपासून वर चढायचं असतं, तिथे खरी परीक्षा.

तर, पाणी. जीप आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी प्यायची. आधी ज्या गॅरेजकडे ती जायची तिथला सल्ला साधा होता: "जुनी गाडी हाय, पाणी घालत ऱ्हावा, चालतंय की!" म्हणून मागच्या बाकाखाली बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायम ठेवलेला असायचा. हे चालतं, खोटं नाही. पण इंजिनातल्या पाण्याचा मार्ग बंद असतो. ते स्वयंपाकाच्या पातेल्यातल्यासारखं वाफ होऊन जाण्यासाठी ठेवलेलं नसतं. ते कमी झालं याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडलं. कुठून, हे शोधेपर्यंत ओतलेलं पाणी म्हणजे नुसती मुदतवाढ. आणि बोअरचं जड पाणी आत गेलं की त्याचा क्षार आतच राहतो. चहाच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गळतीवर उपाय म्हणून घातलेलं पाणी दुसरं दुखणं तयार करतं.

शोधायचं कसं ते सांगतो, कारण यात पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ. पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. त्या झाकणाला स्प्रिंग असते आणि ती आत दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर त्या दाबाखाली पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्याही दोन-अडीच अंश आधीच उकळतं. म्हणजे झाकण उघडताक्षणी दाब गेला, की आतलं सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. फाउंड्रीत मी भाजलेली माणसं पाहिली आहेत. वितळलेल्या लोखंडाला सगळे घाबरतात, वाफेला कुणी घाबरत नाही, आणि भाजतात जास्त वाफेनेच.

रात्री जीपखाली पुठ्ठे अंथरून ठेवले. सकाळी कोरडे. होस पाइप दाबून पाहिले. वरचा कडक झाला होता, खालचा मऊ पडला होता. खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो, तो मऊ पडला की इंजिन जोरात फिरताना आतल्या आत चपटा होतो आणि गाडी थांबवून पाहावं तर पुन्हा गोल. दोन्ही बदलले, क्लिपा बदलल्या. पाणी तरीही कमी होत राहिलं.

मग ज्याची सगळ्यांना भीती होती ते, हेड गॅस्केट. ते गेलं असेल तर ऑइलच्या पट्टीवर किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसतो. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं, की रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. गाडी चालू करून मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक होतो. यातलं एकही लक्षण नव्हतं. देवाचे आभार मानले, कारण हेड उतरवून फेसिंग करणं कौन्सिलच्या मुदतीत आणि खर्चात बसलं नसतं.

शेवटी सापडलं वॉटर पंपावर. आपल्याकडे त्याला वॉटर बॉडी म्हणतात. त्याच्या बेअरिंगच्या आणि सीलच्या मध्ये खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. काही जण ते कचऱ्याने बुजलंय समजून साफ करतात, तर काही जण गळतंय म्हणून एमसील लावून बंद करतात. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं, की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढ्यासाठीच. आमच्या पंपाचं सील गाडी गरम असताना, दाब असतानाच गळायचं. दोन-चार थेंब यायचे, पंख्याच्या वाऱ्याने उडायचे, गरम लोखंडावर वाळून जायचे. थंड झाल्यावर गळती बंद, म्हणून पुठ्ठे कोरडे. बॅटरी घेऊन खालून पाहिलं तेव्हा छिद्रापासून खाली पांढुरका, खरबरीत ओघळ दिसला. पंख्याचं पातं धरून हलवलं तर बारीक खुळखुळ. नवीन पंप बसवला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पाण्याची पातळी जिथल्या तिथे राहिली.

इथे थोडं विषयांतर करतो. खरं तर ते विषयांतर नाही, कारण जीपवर काम करत होतो म्हणूनच ते घडलं.

जीप दोन रविवार गॅरेजमध्ये होती. आम्ही रिक्षा सांगून माणसं आणली. रिक्षावाल्याला किती जण, कुठून हे लिहून द्यायचं होतं म्हणून मी जीपच्या वहीची मागची पानं उलटली. जूनमध्ये नावं नऊ, जुलैत आठ, ऑगस्टपासून सात. दोघांपैकी एक काका मुलाकडे पुण्याला गेले, ते सगळ्यांना माहीत होतं. दुसरी एक आजी. तिच्याबद्दल "गुडघे दुखतात तिचे" असं ऐकलं होतं. तिच्यासाठी विश्वासू लोकांच्या प्रार्थनेत विनंती होत होती. ख्रिस्तप्रसाद पहिल्या शुक्रवारी घरी जात होता. म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं आणि कुणाचंच काही चुकत नव्हतं. पण बाकावरची एक जागा कमी झाली होती आणि ती कुठे गेली हे कुणी पाहिलं नव्हतं. पंपाखाली बॅटरी मारून बसलो होतो म्हणून की काय, मला ते राहवेना.

तिच्या घरी गेलो. आजी अंगणात शेंगा निवडत बसली होती. चहा ठेवायला उठली, आत गेली, पाण्याची कळशी उचलून आली. मी म्हटलं, "आजी, गुडघे बरे दिसतात की." ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, चालायला काय न्हाई रे. तुझ्या त्या जीपवर पाय चढत न्हाई. मागनं दोघं उचलतात, लुगडं वर हुतंय, समोर सगळी पोरं बसलेली असतात. लाज वाटती." एवढंच कारण. कमांडरची मागची पायरी जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्याही वर येते. आजी म्हणजे जेमतेम पावणेपाच फूट.

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि त्याला प्रभूसमोर खाली सोडतात. प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असं शुभवर्तमान सांगतं. त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. प्रवचनांत त्यांच्या विश्वासाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. मला अलीकडे त्यांच्या कामातल्या बारकाव्यांचा विचार पडतो. त्या माणसाला त्यांनी कसं उचललं असेल, वर नेताना खाट तिरकी होऊ नये म्हणून कुणी काय केलं असेल, छपराचा कुठला भाग उघडायचा हे कुणी ठरवलं असेल. विश्वास होताच. पण नुसता विश्वास धरून खाट सरळ राहत नाही, तिचे चारही कोपरे कुणीतरी सारख्या उंचीवर धरावे लागतात.

त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून जीपच्या मागे एक खाली दुमडणारी पायरी करून घेतली, जमिनीपासून नऊ इंचांवर, आणि हुडाच्या पाइपाला हाताला धरायला एक दांडा. पंपापेक्षा खर्च कमी आला. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आजी स्वतःच्या पायांनी चढली. वहीत आठ नावं झाली.

आता पुन्हा इंजिनाकडे, कारण तापणं अजून पूर्ण गेलं नव्हतं. गळती थांबली, पण जांबोटीच्या रस्त्याला लागलं की चढावर काटा वर सरकायचाच.

थर्मोस्टॅट बघायला वरचं हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! पूर्वी कुठल्या तरी गॅरेजने काढून टाकला होता. ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. गाडी तापली की "वॉल काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठं पडतीय?" थर्मोस्टॅट काय करतो ते साधं आहे. त्याच्या पोटात मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. पाणी साधारण ८० ते ८५ अंशांवर गेलं, की तो वितळून फुगतो आणि झडप ढकलून रेडिएटरचा रस्ता उघडतो. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला, की सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं, डिझेल जास्त जातं, ऑइलमध्ये काळा गाळ लवकर धरतो. आणि तापण्याचं मूळ कारण दुसरीकडेच असेल तर ते तसंच राहतं. फक्त दिसायचं लांबणीवर पडतं. कित्येक इंजिनांत तर तो उघडल्यावर पाण्याचा जवळचा रस्ता बंद करायचं कामही त्याच्याकडेच असतं. तो नसला तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता मधल्या मध्ये फिरत राहतं आणि चढावर गाडी जास्तच तापते. नवीन आणलेलासुद्धा तसाच बसवायचा नाही. पातेल्यात पाणी तापत ठेवायचं, दोऱ्याने तो आत लोंबकळता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. उकळी येण्याच्या बऱ्याच आधी तो उघडला पाहिजे आणि गार पाण्यात घातल्यावर मिटला पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींना त्या पातेल्याबद्दल अजून राग आहे.

दुसरी गोष्ट दिसायला अगदी किरकोळ. पंख्याभोवती पत्र्याचं जे कडं असतं ते गायब होतं. ते नसलं, की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो. गर्दीत तापायचं कारण हे. जोडीला बेल्टही सैल होता. पत्रा कापून कडं करून घेतलं. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत तर शेतच होतं. सुगीच्या दिवसांत आपल्याकडे मळणीला पीक रस्त्यावर अंथरतात, त्यावरून जीप जायची. भुसा, किडे, उसाच्या पाचटाचे तुकडे, सगळं चिखलाने लिंपलेलं. पाण्याचा पाइप मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, हलक्या दाबाने धरायचा. समोरून जोराचा फवारा मारला तर कचरा आणखी आत बसतो आणि पातळ पत्त्या आडव्या होतात.

आणि रेडिएटर आतून. बेळगावात फक्त रेडिएटरचीच कामं करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. त्याने वरची टाकी डाग काढून वेगळी केली आणि मला बोलावून दाखवलं. नळ्यांची जवळपास तिसऱ्या हिश्शाची तोंडं तांबूस-पांढऱ्या खड्याने बंद. वर्षानुवर्षांचं बोअरचं पाणी. त्याने एकेका नळीतून चपटी सळई घालून ती मोकळी केली. याला ते रॉडिंग म्हणतात. हे तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरचं सुख आहे. आजकालच्या अॅल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिकच्या टाकीच्या रेडिएटरला ते जमत नाही, तो सरळ बदलावाच लागतो. मिस्त्री नमाजाची वेळ झाली म्हणून मध्येच उठून गेला, परत आला, पुन्हा त्याच नळीपासून सुरुवात केली. दिवसभराचं काम होतं. चर्चची गाडी म्हटल्यावर त्याने डागाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाला, "बुजुर्गांना घेऊन जाताय ना, मग राहू दे."

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. थंडीत गोठू नये म्हणून कूलंट घालतात, आपल्याकडे काय गरज, असं बरेच जण म्हणतात. पण त्याच्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि त्याने उकळण्याचा बिंदूही थोडा वर जातो. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हिरव्या-लाल कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्री, मांजरं ते चाटतात. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका. घरात लहान मुलं असतात.

भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि वरचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत थांबायचं. तो एकदम गरम झाला, की थर्मोस्टॅट उघडला. मग आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि पातळी खाली जाते. पुन्हा भरायचं. झाकणही नवं घेतलं. ज्या झाकणाचं रबर चिरलं आहे ते दाब धरत नाही, आणि मग बाकीचं सगळं नवं असूनही पाणी उकळतं.

नोव्हेंबरात रिकामी जीप, मग सिमेंटची पोती भरलेली जीप, असं दोनदा कणकुंबीपर्यंत नेऊन आणलं. डिसेंबरच्या मध्यावर आम्ही निघालो. आठ म्हातारी माणसं, मी, आणि माझ्याशेजारी यूथमधला एक मुलगा. त्याचं काम एकच, काटा बघणं. त्याला सांगून ठेवलं होतं, काटा नेहमीच्या जागेपासून बोटभर वर गेला तरी बोलायचं, लाजायचं नाही. तापलीच तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. बाजूला घ्यायची, भार नसताना मिनिटभर हळू चालू ठेवायची म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. पण पाणीच गेलेलं असेल, बेल्ट तुटला असेल तर लगेच बंद. बॉनेट उघडायचं, झाकणाला हात नाही, निदान अर्धा-पाऊण तास. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीच ओतायचं नाही, हेडला चीर जाते.

दर्शनासाठी पवित्र अवशेष सी कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. वृद्धांना पुढे जाऊ दिलं. मी त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्याचं त्याने जाऊन अनुभवावं. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले आणि १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. मधली दहा वर्षं ते चालत आणि जहाजांतून फिरत राहिले. चौतीस सालाचा हिशेब करणारी आजी समोर बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "किती बारीक पाय रे त्यांचं."

परतीला केरी सोडल्यावर चढ लागला. मागे रोझरी सुरू झाली होती. दुसऱ्या गिअरमध्ये जीप वळणावळणाने वर येत होती, रस्त्याला खड्डे होतेच. तिसऱ्या गूढरहस्याच्या मध्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, "अंकल, थोडा वर आलाय." काटा एक बोट वर आला होता. तिथेच थांबला. पुढच्या सपाटीवर खाली आला, पुन्हा चढावर बोटभर वर, पुन्हा खाली. थर्मोस्टॅट असलेल्या धडधाकट गाडीचा काटा असाच वागतो. कणकुंबीला आम्ही तरीही थांबलो, गाडीसाठी नाही, चहासाठी. बॉनेट उघडून पाहिलं, पंपाखालचं छिद्र कोरडं होतं.

जीप भंगारात गेली नाही हे तुम्हाला दिसतंच आहे. कौन्सिलने वर्षभर ठेवायचं ठरवलं, पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा बघू म्हणाले. तेही योग्यच आहे, कुठलीही गाडी कायमची नसते.

आता दर शनिवारी मी वहीत चार गोष्टी लिहितो: पाण्याची पातळी, ऑइल, बेल्ट, आणि या आठवड्यात कोण आलं, कोण नाही. पाच मिनिटं लागतात. संत इग्नेशियस यांनी आपल्या सोबत्यांना दिवसातून दोनदा थांबून स्वतःकडे पाहायला शिकवलं होतं. झेवियर त्यांचेच सोबती. मला दिवसातून दोनदा जमत नाही, पण ही वही भरताना बॉनेटला टेकून थोडा वेळ गप्प उभं राहायची सवय लागली आहे. आजी मार्चपासून पुन्हा दोन रविवार दिसली नव्हती. तिसऱ्या दिवशी जाऊन आलो. सर्दी होती, दुसरं काही नाही.

यूथमधली दोन मुलं आणि एक मुलगी हे काम शिकायला येतात. आणखी कुणाला यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, इंजिन थंड असताना, चर्चच्या मागच्या शेडमध्ये यावं. या शनिवारी फॅन बेल्ट बदलायचा आहे. हात पुसायला घरचं एक जुनं फडकं आणा.